उणे दोन

एजंटाने विचारले, बर्फाचा अनुभव?
नऊ वर्षे, म्हणालो. मिरकरवाड्याच्या फॅक्टरीत.
बांगड्यांवर, सुरमईवर,
एकदा बुडून सापडलेल्या माणसावरही
मीच टाकलाय बर्फ.
त्याने फॉर्मवर लिहिले: स्नो, नऊ वर्षे.
खोटे असे त्यात काही नव्हते.

आता मी दुबईत, एका मॉलच्या पोटात,
टेकडीच्या पायथ्याशी उभा.
टेकडीला आभाळ पत्र्याचे आहे.
रात्री दोननंतर छतातली नळकांडी खोकतात
आणि बर्फ पडतो, वेळापत्रकाप्रमाणे.
सकाळी मी तो फावड्याने सारखा करतो,
बूट मोजतो, डाव्याला उजवा लावतो,
परत आलेल्या हातमोज्यांत फवारा मारतो.
प्रत्येकात अजून कुणाची तरी मूठ गरम असते.

आत उणे दोन. बाहेर सत्तेचाळीस.
मधला दरवाजा लोटायला एक हात पुरतो.
बाहेर पडलो की चष्मा आंधळा होतो;
तो पुसेपर्यंत
मी कुठल्याच देशात नसतो.

कंपनीची बस सोनापूरला सोडते.
खोलीतल्या भायखळ्याच्या पोराने पहिल्याच रात्री सांगितले,
आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसणवट रे.
पोट धरधरून हसलो सगळे.
मग एकेक जण भिंतीकडे तोंड करून झोपला.

वरच्या खाटेवर धनबहादुर रोकाया, हुमल्याचा.
त्याच्या गावी बर्फाने तीन याक नेले आणि एक भाऊ.
इथे तो लिफ्टचा दांडा धरून
मुलांना वर पाठवतो, एंजॉय म्हणतो.
पडत्या बर्फाकडे मात्र बघत नाही,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून
माणूस रस्ता ओलांडतो, तसा.

सीझन सहा महिन्यांचा.
आमच्याकडे सीझन समुद्र ठरवतो,
इथे शाळांच्या सुट्ट्या.

आईने मे महिन्यात, फणसोपच्या कुणाच्या तरी हाती,
लोकरीची कानटोपी पाठवली.
विमानतळावर दोनदा उलटी करून बघितली म्हणे ती.
फोनवर विचारते, थंड लागता काय रं?
हो म्हणालो तर झोपणार नाही.
नाही म्हणालो तर टोपी वाया.

मंगळवारी एक म्हातारा अरब येतो, अबू राशिद.
पांढऱ्या कंदुऱ्यावर भाड्याचा कोट चढवतो,
घसरत नाही, नुसता बाकावर बसतो.
मुठीत बर्फ घेतो. वितळला की दुसरा.
एकदा माझ्या छातीवरचे 'होडेकर' वाचून
गंजक्या मुंबई-हिंदीत त्याने विचारले,
बंदर कुठले?

गाव नव्हे. बंदर.

रत्नागिरी, म्हणालो.
त्याने मान हलवली, जणू शेजारची गल्ली.
लहानपणी, म्हणाला, खाडीवर लादी यायची बर्फाची,
तिच्या भोवती काहीतरी असायचे,
लाकडाचे, बारीक...
शब्द आठवेना. बोटे चोळत राहिला हवेत.
भुसा, मी म्हणालो.
भूसा! भूसा!
इतका मोठ्याने ओरडला तो
की उतारावरची चार मुले थांबली
आणि एक उगाच पडले.

मग आम्ही दोघे खाली बघत बसलो.
ह्या बर्फाला भुसा लागत नाही.
मीठ नाही, गोणपाट नाही,
मागून ट्रकवाल्याच्या शिव्या नाहीत.
ह्याच्या खाली काहीच टिकवून ठेवलेले नाही.
त्याला विचारावेसे वाटले, मग ही मूठ कशासाठी?
तेवढ्यात त्याचा ड्रायव्हर आला.

ड्यूटी संपल्यावर सवयीने बाही हुंगली.
मासळीचा वास नव्हता. कसलाच नव्हता.
खिशातून कानटोपी काढली,
कानांवर नीट ओढली, दरवाजा लोटला,
आणि बस येईपर्यंत
सत्तेचाळीसात
तशीच राहू दिली.